वजाबाकीची आडवी रेघ

शाळेंत मुलाला प्रथम जीं गणिती चिन्हें शिकवतात, त्यांत वजाबाकीचें चिन्ह सर्वांत सोपें. एक लहानशी आडवी रेघ ओढली कीं काम झालें. बेरजेला दोन रेघा लागतात, गुणाकाराला फुली काढावी लागते, भागाकाराला रेघेच्या वर-खालीं टिंबें द्यावीं लागतात. आणि वर्गमुळाचें चिन्ह तर कित्येकांना मॅट्रिकपर्यंत नीट वळत नाहीं. त्या मानानें वजाबाकीची रेघ म्हणजे गणितांतली सर्वांत गरीब वस्तु. पण हीच गरीब रेघ कागदावरून उचलून संगणकाच्या किंवा मोबाईलच्या पडद्यावर न्यावयाची म्हटली, म्हणजे तिच्याइतकी फसवी दुसरी वस्तु सांपडणें कठीण. ती यंत्राच्या पोटांत कशी सांठवली जाते, ती चुकली तर बिघडतें काय, आणि ती बरोबर उमटवावी कशी, या तीन प्रश्नांचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे.

श्रोतेहो, प्रथम एक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. यंत्राला रेघ दिसत नाहीं. त्याला अक्षर दिसत नाहीं, टिंब दिसत नाहीं, कांहींच दिसत नाहीं. त्याला कळते ती फक्त संख्या. हें कसें, तें सोलापूरच्या माणसाला समजावून सांगणें फारसें अवघड नाहीं; कारण त्याच्या गांवांत हेंच तत्त्व पिढ्यान् पिढ्या मागावर चालत आलेलें आहे. सोलापुरी चादरीवर जी नक्षी असते ती जॅकार्डच्या साह्यानें विणतात. फ्रान्समधील ल्यों शहरच्या जॅकार्ड नांवाच्या कारागिरानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं ही युक्ति रूढ केली. मागाच्या माथ्यावर छिद्रें पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरत असते. जेथें छिद्र असेल तेथें उभा धागा वर उचलला जातो; जेथें नसेल तेथें तो खालींच राहतो. फूल म्हणजे काय, मोर म्हणजे काय, हें मागाला ठाऊक नसतें. छिद्र आहे कीं नाहीं, एवढेंच त्याला कळतें. अलीकडे कांहीं मागांवर पुठ्ठ्याची जागा विजेवर चालणाऱ्या यंत्रणेनें घेतली असली, तरी तत्त्व तेंच आहे.

संगणकाची रीत हीच. कल्पना करा कीं, एका पट्टीवर सात जागा आहेत. डावीकडून त्यांच्या किंमती ६४, ३२, १६, ८, ४, २ आणि १ अशा आहेत. जेथें छिद्र असेल ती किंमत धरावयाची, जेथें नसेल ती सोडावयाची. दुसऱ्या, चौथ्या, पांचव्या आणि सातव्या जागीं छिद्रें पाडलीं, तर ३२, ८, ४ आणि १ मिळून ४५ होतात. अशा सात जागांवर शून्यापासून १२७ पर्यंत, म्हणजे एकंदर १२८ संख्या लिहितां येतात. १९६३ सालीं अमेरिकेंत या १२८ संख्यांना नेमून देण्याच्या चिन्हांची एक यादी प्रसिद्ध झाली. तिला आस्की असें म्हणतात. तींत इंग्रजी अक्षरें, अंक, विरामचिन्हें आणि थोडीं गणिती चिन्हें यांची सोय झाली. वर जी ४५ ही संख्या आली, ती या यादींत एका आडव्या रेघेला मिळाली.

ही रेघ कोणती? वजाबाकीची कीं दोन शब्द जोडणारी? यादी करणाऱ्यांनीं उत्तर दिलें कीं, दोन्ही. त्याचें कारण टंकलेखन-यंत्रांत आहे. छापखान्यांतल्या जुळाऱ्याजवळ वजाबाकीचा खिळा निराळा असे आणि संयोगचिन्हाचा निराळा. टंकलेखन-यंत्रावर कळा मोजक्या. म्हणून दोन धंदे एकाच कळेवर लादले गेले. व्यवहारांत तें चालून गेलें, कारण वाचणारा मनुष्य होता. "माय-लेकी" या शब्दांत लेकी वजा करावयाच्या नाहींत, हें माणसाला कोणी शिकवावें लागत नाहीं. आस्कीनें टंकलेखन-यंत्राचा हा वारसा जसाच्या तसा उचलला, आणि तो आजच्या प्रत्येक कळफलकावर येऊन बसला. शून्याशेजारच्या कळेवर जी रेघ असते ती हीच ४५ क्रमांकाची रेघ. मोठ्या कळफलकाच्या उजव्या अंगाला अंकांचा जो निराळा फलक असतो, त्यावरची उणेची कळ दाबली तरीही तीच उमटते.

१९९१ सालीं युनिकोड या जागतिक यादीची पहिली आवृत्ति निघाली, तेव्हां ही गुंतागुंत सोडविण्यांत आली. या यादीचा उद्देश असा कीं, जगांतल्या प्रत्येक लिपींतील प्रत्येक चिन्हाला स्वतःचा एकच क्रमांक असावा. तींत देवनागरीला २३०४ पासूनची जागा मिळाली. म्हणून आपला मराठी पांच तेथें २४११ या क्रमांकावर आहे, आणि इंग्रजी पांच आस्कींतल्याप्रमाणें ५३ वर. गणिती चिन्हांना ८७०४ पासून पुढें जागा मिळाली. तेथें वर्गमुळाचें चिन्ह ८७३० वर आहे, आणि खरी वजाबाकीची रेघ ८७२२ वर. शब्द जोडणाऱ्या संयोगचिन्हाला ८२०८ हा निराळा क्रमांक दिला. वाक्यांत वापरतात त्या मध्यम व लांब रेघांना ८२११ आणि ८२१२ दिले. जुनी ४५ क्रमांकाची रेघ मात्र तिच्या दुहेरी अर्थासह तशीच राहूं दिली, कारण तोंपर्यंत ती जगभरच्या कागदपत्रांत मुरलेली होती.

म्हणजे आज एकसारख्या दिसणाऱ्या पांच रेघा यंत्राच्या पोटांत आहेत. पण नीट पाहिलें तर त्या एकसारख्या दिसतही नाहींत. चांगल्या टंकांत वजाबाकीची रेघ अधिक-चिन्हाच्या आडव्या रेघेइतकी लांब आणि तितक्याच उंचीवर असते. संयोगचिन्ह आंखूड असतें आणि बहुधा थोडें खालीं बसतें. अधिक आणि उणे हीं जुळीं भावंडें. त्यांतल्या एकाच्या जागीं शेजारचें पोर उभें केलें, तर जाणत्या डोळ्याला तें लगेच कळतें.

परंतु प्रश्न केवळ डोळ्यांच्या सुखाचा असता, तर त्यासाठीं एवढा वेळ खर्चण्याचें कारण नव्हतें. "१०-१२" असें पडद्यावर लिहिलेलें आहे, असें समजा. याचा अर्थ दहा ते बारा असा घ्यावा, डिसेंबरची दहा तारीख असा घ्यावा, कीं दहा वजा बारा म्हणजे उणे दोन असा घ्यावा? मनुष्य संदर्भ पाहून ठरवील. यंत्राजवळ संदर्भ फारच थोडा. तें हिशेबाच्या तक्त्यांत पुष्कळदा अशा लेखाची तारीख करून टाकतें. "अ-ब" असें लिहिलें आणि ओळ तेथेंच संपत आली, तर रेघ वरच्या ओळीच्या शेवटीं आणि ब खालच्या ओळीच्या आरंभीं, असें होऊं शकतें. कारण संयोगचिन्हानंतर ओळ तोडण्यास हरकत नाहीं, असा मुद्रणाचा नियम आहे. मग मुलगा खालच्या ओळींत नुसता ब वाचतो, आणि उत्तराची बाजूच फिरते.

याहून गंभीर गोष्ट कानाची आहे. ज्यांना दृष्टि नाहीं असे विद्यार्थी आज पडद्यावरचा मजकूर यंत्राकडून मोठ्यानें वाचवून घेतात. ब्रेलमधील पुस्तक मिळण्याची वाट त्यांना आतां दरवेळीं पाहावी लागत नाहीं, हें या युगाचें मोठें देणें आहे. परंतु अशीं वाचकयंत्रें नेहमींच्या मांडणींत संयोगचिन्ह पुष्कळदा उच्चारीत नाहींत. आणि तें योग्यच आहे, नाहीं तर "माय-लेकी" हें "माय उणे लेकी" असें ऐकूं येईल. पण त्यामुळें जेथें उणे पांच लिहिलें आहे, तेथें त्या विद्यार्थ्याच्या कानीं नुसतें "पांच" पडूं शकतें. त्यानें रीत बरोबर केली, आंकडेमोड बरोबर केली, तरी उत्तर चुकतें. चूक त्याची नसते. गणित टंकणाऱ्यानें त्याच्या हातीं निराळेंच गणित दिलेलें असतें. ८७२२ या क्रमांकाला एकच अर्थ आहे. तो मजकुरांत असला, म्हणजे तेथें उणे वाचावयाचें कीं गप्प बसावयाचें, असा संशय यंत्राला उरत नाहीं.

आतां थोडें मागें वळून पाहूं. ही रेघ मुळांत आपल्या देशांतली नव्हे. छापील पुस्तकांत अधिक-उणेचीं हल्लींचीं चिन्हें प्रथम दिसतात तीं १४८९ सालीं लाइप्झिग येथें निघालेल्या विडमन याच्या व्यापारी अंकगणितांत. ऋण संख्येची कल्पना मात्र भारतांत त्याच्या कितीतरी आधीं स्पष्ट झालेली होती. ब्रह्मगुप्तानें ६२८ सालीं धन आणि ऋण यांच्या परिकर्मांचे नियम सांगितले. नवव्या शतकांत राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळीं महावीराचार्यानें 'गणितसारसंग्रह' रचला, आणि ऋण संख्येला वर्गमूळ नसतें हें त्यांत नमूद केलें. हा ग्रंथ सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघानें जीवराज जैन ग्रंथमालेंत हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला, तो १९६३ सालीं. अमेरिकेंत ज्या सालीं उणेला संयोगचिन्हाच्या घरांत भाडेकरू म्हणून ठेवण्यांत आलें, त्याच सालीं सोलापुरांत ऋण संख्येचा स्वभाव सांगणारा एवढा जुना ग्रंथ छापला जात होता, हा योगायोग लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

आपल्या पूर्वजांचें ऋणचिन्ह तरी एक कोठें होतें? पेशावरजवळ १८८१ सालीं बक्षाली या गांवीं जें भूर्जपत्रांवरचें हस्तलिखित सांपडलें, त्यांत ऋण संख्येच्या पुढें एक फुली आहे, आणि ती हुबेहूब आजच्या अधिक-चिन्हासारखी दिसते. भास्कराचार्यांच्या 'बीजगणितां'त ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देण्याची रीत आहे. ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचा नातू चांगदेव यानें चाळीसगांवजवळच्या पाटण येथें मठ स्थापला, तेच हे भास्कराचार्य. एके ठिकाणीं फुली, दुसरीकडे टिंब, तिसरीकडे रेघ, अर्थ एकच. यावरून असें दिसतें कीं, चिन्हाच्या आकारांत गणित नसतें. लिहिणारा आणि वाचणारा यांच्यामध्यें जो करार असतो, त्यांत तें असतें. पूर्वी हा करार गुरु आणि शिष्य यांच्यामध्यें होता. आज त्या दोघांच्या मधोमध यंत्र बसलें आहे, आणि त्याला फक्त क्रमांकाचा करार कळतो.

भास्कराचार्यांची रीत आज टंकून पाहिली, म्हणजे हा करार कसा मोडतो तें चांगलें कळतें. अंकाच्या डोक्यावर टिंब द्यावयाचें, तर मराठी टंकणाऱ्याचा हात सहज अनुस्वाराच्या कळेकडे जाईल. टिंब तर टिंबासारखें दिसेल. पण यंत्राच्या दृष्टीनें तो २३०६ क्रमांकाचा अनुस्वार, म्हणजे नाकांतून उच्चारावयाचा एक ध्वनि. कोणत्याही चिन्हाच्या डोक्यावर बसणारें निव्वळ टिंब निराळें आहे, त्याचा क्रमांक ७७५. आवर्ती दशांश अपूर्णांकांतल्या अंकावर आपण टिंब देतों, तेथेंही हीच अडचण येते. गुणोत्तराची कथा तशीच. तीनास पांच हें गुणोत्तर लिहितांना मधल्या दोन टिंबांच्या जागीं मराठींत वारंवार विसर्ग टंकला जातो. विसर्गाचा क्रमांक २३०७, अपूर्णविरामाचा ५८, आणि खऱ्या गुणोत्तरचिन्हाचा ८७५८. गुणिलेच्या चिन्हाचा क्रमांक २१५ आहे; त्याच्या जागीं पुष्कळजण इंग्रजी एक्स हें अक्षर ठेवतात, त्याचा क्रमांक १२०. बीजगणितांत जेथें एक्स ही अज्ञात राशिही असते, तेथें या सवयीनें काय गोंधळ माजेल, तें सांगावयास नको.

येथें मराठी टंकणाऱ्याच्या बाजूनेंही दोन शब्द बोलले पाहिजेत. भारतीय लिपींसाठीं शासनानें १९८६ सालीं इन्स्क्रिप्ट नांवाची कळफलकाची मांडणी ठरविली. ती शास्त्रशुद्ध आहे. स्वर एका हाताला, व्यंजनें दुसऱ्या हाताला, अशी तिची वांटणी शिकण्यास सोपी आहे. परंतु अक्षरें पुष्कळ आणि कळा थोड्या. तेव्हां कोणाला तरी घर सोडावें लागलें, आणि तें गणिती चिन्हांना सोडावें लागलें. इंग्रजी मांडणींत ज्या कळेवर बरोबरीचें आणि अधिकाचें चिन्ह असतें, तेथें देवनागरी मांडणींत ऋकाराचें चिन्ह आणि ऋ हें अक्षर बसलें. अधिकाच्या जागेवर ऋणाचें पहिलें अक्षर यावें, हा विनोद कोणी मुद्दाम केलेला नाहीं. विसर्ग रेघेच्याच कळेवर, शिफ्ट दाबून मिळतो. आणि अपूर्णविराम मुख्य कळांवर नाहींच. तेव्हां गुणोत्तरांत विसर्ग शिरला, याचा सगळा दोष टंकणाऱ्यावर टाकणें न्यायाचें होणार नाहीं.

मग खरी रेघ उमटवावी कशी? तिचा क्रमांक षोडशमान पद्धतींत लिहिला, म्हणजे तो २२१२ असा होतो. पडताळा पाहणें सोपें आहे: दोन गुणिले ४०९६, अधिक दोन गुणिले २५६, अधिक १६, अधिक २, एकंदर ८७२२. विंडोज प्रणालीवरील वर्ड या लेखनकार्यक्रमांत हे चार आंकडे इंग्रजी अंकांत टंकावे आणि लगेच ऑल्ट व एक्स या कळा एकत्र दाबाव्या. आंकडे नाहींसे होऊन त्यांच्या जागीं रेघ येते. लिनक्सवर पुष्कळ ठिकाणीं कंट्रोल, शिफ्ट आणि यू या कळा दाबून तेच आंकडे दिले कीं काम होतें. मोबाईलवर ती रेघ एकदां कोठून तरी उचलून घ्यावी आणि वैयक्तिक शब्दकोशांत एखाद्या सोप्या आंखूड शब्दाच्या नांवानें ठेवून द्यावी. पुढें तो शब्द टंकला कीं ती पुढें येते. ज्यांना मोठमोठीं समीकरणें लिहावयाचीं आहेत, त्यांच्यासाठीं अमेरिकन गणितज्ञ नुथ यानें १९७८ सालीं टेक नांवाची मुद्रणप्रणाली तयार केली. स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीचीं मुद्रितें पाहून त्याचें समाधान झालें नाहीं, म्हणून तो या उद्योगाला लागला. त्याच्या पद्धतींत गणिताचा मजकूर दोन डॉलर-चिन्हांच्या मध्यें लिहितात. तेथें नेहमींचीच रेघ टंकावी. हें गणित आहे हें यंत्राला आधींच सांगितलेलें असल्यामुळें तें स्वतःच वजाबाकीची रेघ छापतें.

एक सावधगिरीची सूचना येथें अवश्य दिली पाहिजे. हिशेबाच्या तक्त्यांत आणि संगणकाच्या आज्ञावलींत मात्र जुनी ४५ क्रमांकाची रेघच घालावी. ते कार्यक्रम आस्कीच्या काळापासून तिलाच वजाबाकी समजत आले आहेत. तेथें मुद्रणाची शुद्ध रेघ दिली, तर पुष्कळ कार्यक्रम त्या संख्येला संख्या न मानतां नुसता मजकूर समजतात, आणि बेरीज चुकते. तेव्हां नियम असा लक्षांत ठेवावा: यंत्राकडून हिशेब करून घ्यावयाचा असेल तर ४५, माणसानें वाचावयाचें असेल तर ८७२२.

मराठींत या विषयाला आणखी एक दुखरी बाजू आहे. युनिकोड घरोघर पोंचण्यापूर्वीं मराठी मजकूर जुन्या पद्धतीच्या टंकांत बसविला जात असे, आणि कांहीं छापखान्यांत तो आजही तसाच बसवितात. त्या टंकांत १२८ पासून २५५ पर्यंतच्या क्रमांकांवर काना, वेलांटी, अर्धीं अक्षरें अशा तुकड्यांनीं वस्ती केली. त्याच मोहल्ल्यांत २१५ वर गुणिले आणि २४७ वर भागिले हीं चिन्हें राहत होतीं. अशा टंकांतला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला, कीं अक्षरांच्या जागीं चिन्हें आणि चिन्हांच्या जागीं अक्षरें असा बाजार भरतो. त्याला कंटाळून पुष्कळ शिक्षक आतां हातानें गणित लिहून त्याचें छायाचित्र मुलांना धाडतात. घाईच्या वेळीं तें ठीक आहे. पण छायाचित्रांत गणित नसतें, गणिताचें चित्र असतें. तें शोधतां येत नाहीं, दुरुस्त करतां येत नाहीं, आणि अंध मुलाला कानानें वाचतां येत नाहीं. मराठींतलें गणित पुढच्या पिढीला वापरतां यावें असें वाटत असेल, तर तें चित्रांच्या रूपानें सांठवून भागणार नाहीं.

एवढ्याशा रेघेसाठीं इतका खटाटोप कशाला, असें कोणी म्हणेल. त्याला उत्तर एवढेंच कीं, सावकाराच्या वहींत येणें आणि देणें यांतला फरकही एवढ्याशाच खुणेचा असतो. सुशिक्षित घरांतून आज मुलांचे प्रश्नसंच, शिकवणीच्या टिपा, घरखर्चाचे तक्ते रोज टंकले जातात. टंकून झालें, म्हणजे एकदां आपलें लिखाण यंत्राकडून मोठ्यानें वाचवून घ्यावें आणि डोळे मिटून ऐकावें. जेथें उणे लिहिलें, तेथें उणे ऐकूं आलें पाहिजे. तें आलें नाहीं, तर रेघ कितीही सुबक दिसत असली तरी ती पुसावी आणि योग्य ती घालावी. त्यास फार तर अर्धें मिनिट लागेल.